दोन हंबकरच्या गिटारसाठी स्वस्त वायरिंग किट: काय ठेवावं, काय बदलावं

हंबकर म्हणजे तारांचा आवाज पकडणारा दुहेरी कॉइलचा पिकअप. किटमध्ये येतं ते असं: चार पॉट (व्हॉल्यूम आणि टोन कमी-जास्त करणारे फिरते कंट्रोल), पिकअप निवडायचा टॉगल स्विच, टोनसाठी दोन कपॅसिटर, केबल लावायचा जॅक, वायर. यातला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बिनधास्त वापरा. मूल्य तेच असेल तर महागड्याने आवाज बदलत नाही.

खरी मेख पॉटमध्ये आहे. हंबकरला ५०० के (किलोओहम) चे पॉट लागतात, पण २० टक्के फरक सर्रास असतो. पॉट ४०० के भरला तर आवाज बोदा होतो, म्हणून मल्टिमीटरने मोजा आणि जास्त भरणारे व्हॉल्यूमला लावा. व्हॉल्यूमच्या पॉटवर 'ए' हे अक्षर हवं. 'बी' असेल तर बराच वेळ फिरवूनही आवाज फारसा उतरत नाही, मग शेवटी एकदम पडतो. मोठ्या पॉटला साधारण साडेनऊ मिलिमीटरचं भोक लागतं, छोट्याला कमी. लाकूड कोरण्याआधीच ठरवा.

जॅक मात्र बदलाच. पत्ती सैल पडली की करकर सुरू होते. स्विचक्राफ्ट कंपनीचा घट्ट बसतो. स्विचपर्यंत शील्डेड वायर (बाहेरून जाळीचं आवरण असलेली) घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळते. पॉटच्या पाठीवर डाग देताना पत्रा आधी घासा आणि ४० ते ६० वॉटची सोल्डरिंग आयर्न वापरा. २५ वॉटची फार वेळ टेकवावी लागते, त्यात पॉटच्या आतला ट्रॅक (रोधाची पट्टी) जळतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण थांबत नसेल तर ब्रिजची (तारा टेकतात त्या धातूच्या भागाची) अर्थिंग वायर तपासा.