छतावर सहा पॅनेल, बिल तेवढंच: सोलरच्या नावाखाली माझे २,१५,००० रुपये कसे गेले

आधी आकडे सांगते. लोक पहिले तेच विचारतात, आणि विचारताना तोंडावर "एवढे दिलेच कसे?" असा भाव असतो. माझ्या गाठीचे ३९,५०० रुपये. त्यावर बँकेचं कर्ज १,७५,५००. झाले २,१५,०००. हातची गेलेली ७८,००० ची सबसिडी वेगळी. बदल्यात छतावर सहा पॅनेल आहेत, आणि त्यांच्यामुळे आजपर्यंत बिलातलं एक युनिट कमी झालेलं नाही.

प्रकार कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. सरकारी योजनेचं नाव, घरी येणारा गोड बोलणारा पोरगा, "फाइल मी करतो ना", आणि शेवटी फोन बंद. पेपरात मीही वाचत होते. पण इथे योजना खोटी नव्हती, आणि घात तिथेच झाला. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० आणि तीन किलोवॉट किंवा त्याच्या वर एकूण ७८,००० रुपये खरंच मिळतात. आमच्याच गल्लीत दोन घरांना मिळाले. घरगुती सोलर बसवण्यात नागपूर जिल्हा राज्यात पुढे आहे. एवढं सगळं खरं असताना त्यात शिरलेला एक खोटा माणूस कसा ओळखू यावा?

मी घरून डबे देते, वीसेक वर्षं झाली. मोठा डीप फ्रीजर, मिक्सर, ग्राइंडर, आणि एप्रिल-मे मध्ये दोन कूलर दिवसरात्र. मेचं बिल ५,८७० आलं होतं. पण नुसतं बिल हे कारण नव्हतं, हेही सांगते. माझं माहेर कोराडीकडचं, तिथल्या कोळशाच्या वीज केंद्राच्या बाजूचं. सकाळी अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बघत मोठ्या झालेल्या पोरी आम्ही. २०२२ च्या पावसाळ्यात त्याच केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि शेतांत राखेचं पाणी शिरलं, तेव्हापासून डोक्यात होतं की आपल्या घरापुरती तरी वीज उन्हाची असावी. नागपुरात दुसरं काही फुकट मिळो न मिळो, ऊन मिळतं. प्लॅस्टिकचे डबे मी आधीच बंद करून स्टीलचे केले होते, ओला कचरा कुंडीत जिरवते. सोलर विकायला घरी आलेल्या पोरानं हे सगळं बघितलं आणि बरोबर तिथेच बोट ठेवलं. "काकू, तुमच्यासारखे लोक पाहिजे देशाले. पाडव्याले तुमच्या घरी सूर्याची गुढी उभी करतो." पाडवा ३० मार्चला होता. मी हसले. आता आठवलं की संताप येतो.

कोटेशन तीन किलोवॉटचं, १,९५,०००. दहा टक्के म्हणजे १९,५०० माझे, बाकी १,७५,५०० बँकेकडून, ६.७५ टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी. इथवर काही वावगं नाही, असं कर्ज खरंच मिळतं, तारण लागत नाही. मग हळूहळू बाकीचं. छतावर वाळवणं घालायला जागा राहावी म्हणून स्ट्रक्चर उंच हवं, त्याचे १२,००० रोख. "मीटर आणि मंजुरी"चे ८,००० रोख, कारण "साहेबांना पाहावं लागते". नंतर कळलं की घरगुती दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक मंजुरी आपोआप मिळते. म्हणजे साहेब नव्हताच, ८,००० त्याच्याच खिशात गेले. योजनेच्या सरकारी पोर्टलवर नोंदणीला एक रुपया लागत नाही, वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक आणि मोबाइल असला की स्वतः करता येते. कोणी फाइलचे पैसे मागितले की तिथेच दार दाखवा.

नोंदणी त्यानं माझ्याच मोबाइलवरून केली. कंपनी निवडताना ओटीपी आला, मी सांगितला. त्याच्या कार्डावर एक नाव होतं, पोर्टलवर निवडलेल्या कंपनीचं नाव दुसरंच. विचारलं तर म्हणाला, "आमचीच मेन कंपनी आहे ती." तुम्ही विचाराल का, की तुमच्या सिलिंडरवाल्याची मेन कंपनी कोणती?

आता तो दिवस.

२७ मार्चला संध्याकाळी छोट्या हत्तीतून पॅनेल आले. खोके आधीच फोडलेले. चार पोरं धडाधड वर चढवू लागली. मी मठ्ठा घेऊन वर गेले. एक पॅनेल भिंतीला टेकवून ठेवलं होतं, पाठ माझ्याकडे. पाठीवर पांढरं स्टिकर, त्यावर नंबर आणि बारकोड, आणि त्याचा एक कोपरा सुटलेला. सवयीनं मी नखानं उचलला, डब्यावरचं जुनं लेबल काढतो तसा. खाली दुसरं स्टिकर होतं. दुसरा नंबर. इंग्रजी अक्षरांच्या खाली एक ओळ खरडून काढलेली, नुसता पांढरा ओरखडा. मी विचारलं, "हे असं का रे?" तो जिन्यातूनच म्हणाला, "ट्रान्सपोर्टमध्ये निघते हो स्टिकर, गोदामवाले नवीन लावून देतात. टेन्शन काहून घेऊन राहिल्या?" आणि माझ्या हातातला ग्लास घेतला.

हे मी किती वेळा मनात उगाळलं असेल. स्टिकर निघालं म्हणून नवीन लावलं, तर जुनं खाली कसं? शाळेतल्या पोरालाही सुचेल. मोबाइल माझ्या पदराला खोचलेला होता, एक फोटो काढला असता तर आज बँकेत माझं तोंड बंद झालं नसतं. पण खाली चाळीस डबे भरायचे होते, संध्याकाळचे सात वाजत आले होते, सहा पॅनेलपैकी चार चढलेले होते. त्या घटकेला काम थांबवा म्हणणारी बाई कोणी बघितली असेल तर मला दाखवा. आमचे हे तर मागे उभे राहून पोरांना "बैठकीत पंखा लावा" सांगत होते. त्यांना आता सगळं आठवतं.

स्टिकरचं महत्त्व काय ते सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. सबसिडी फक्त डीसीआर पॅनेलला मिळते, म्हणजे सेलही भारतात बनलेला आणि पॅनेलही. बाहेरचा सेल असलेलं पॅनेल बरंच स्वस्त पडतं, दिसायला सारखंच, वीजही देतं. पण त्याचा सीरियल नंबर पोर्टलवर चालत नाही. म्हणून ही मंडळी बाहेरचं पॅनेल आणतात आणि वर दुसऱ्या मालाचा नंबर चिकटवतात. पॅनेल डीसीआर आहे का, ते सीरियल नंबर टाकून सरकारी पोर्टलवर बघता येतं. माल गाडीतून उतरायच्या आधी बघा. वर चढल्यावर नाही.

दुसऱ्या दिवशी, २८ तारखेला, तो कागदांचा गठ्ठा घेऊन आला. "मार्च एंडिंग आहे काकू, आज फाइल नाही लागली तर सबसिडी पुढच्या वर्षात जाते." मी भराभर सह्या केल्या. त्यातला एक कागद बँकेला होता: काम समाधानकारक पूर्ण झालं, रक्कम पुरवठादाराच्या खात्यात सोडावी. मीटर लागलेलं नाही, वीज सुरू नाही, आणि समाधान माझं! योजना २०२६-२७ पर्यंत आहे, मार्च एंडिंगशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. घाई त्याची होती. बँकेनं पैसे सोडले, छतावर येऊन बघायला मात्र कोणी आलं नाही. एवढ्या रकमेची जुनी गाडी घ्यायची म्हटली तरी तिची तपासणी करतात.

मग सुरू झालं. "मीटर दोन आठवड्यांत." "वरून माल आला नाही." "साहेब सुट्टीवर." मधे एकदा इन्व्हर्टर सुरू करून हिरवा दिवा दाखवून गेला आणि तसाच चालू ठेवला. त्या महिन्यात बिल १,१०० रुपयांनी जास्त. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज वेगळी मोजणारं मीटर, नसताना आपली जास्तीची वीज तारेत गेली, तर साधं मीटर तीसुद्धा वापर म्हणून मोजू शकतं. हे मला दुसऱ्या एका सोलरवाल्यानं सांगितलं. तोवर मी बिल भरूनही टाकलं होतं. मीटर बसेपर्यंत इन्व्हर्टरला हात लावू देऊ नका. मे संपता संपता त्याचा फोन लागणं बंद झालं आणि २,०१५ रुपयांचा हप्ता कापला जाणं सुरू झालं.

आता साहेबलोकांकडे वळते.

वीज कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज क्रमांक टाकला आणि म्हणाल्या, बसवल्याची माहितीच पोर्टलवर भरलेली नाही, कंपनीनं भरल्याशिवाय मीटर नाही. मी म्हटलं, कंपनी भरत नाही म्हणूनच तर आले. "मग कंपनीला सांगा." आतल्या साहेबांनी एवढं तरी बघितलं की पॅनेलवर चिकटवलेले नंबर दुसऱ्या कोणाच्या तरी अर्जात आधीच वापरलेले आहेत. म्हणजे फसवणूक त्यांच्या स्क्रीनवर दिसत होती! मी म्हटलं हे लिहून द्या. म्हणाले, "लिहून देता येत नाही मॅडम, तोंडी सांगितलं." तोंडी सांगायला तुम्हाला खुर्ची कशाला दिली?

पोर्टलवरची कंपनी म्हणाली, तो मुलगा आमचा माणूसच नाही, काही दिवस काम आणून देत होता. कर्जाचे पैसे कोणाच्या खात्यात गेले? "आम्ही पुढे त्याला दिले." वा. नाव भाड्यानं द्यायचं, कमिशन घ्यायचं आणि वर हात.

बँकेत मॅनेजरनं माझ्यासमोर तोच कागद ठेवला. "सही तुमचीच आहे ना?" हो, माझीच. "मग?" त्या "मग"चं उत्तर अजून मला सुचलेलं नाही. हप्ता चुकवू नका, सिबिल खराब होईल, एवढा सल्ला फुकट दिला. स्थळपाहणी का केली नाही म्हटलं, तर फोटो होता म्हणे फाइलला. फोटो कोणी काढला? त्यानंच. माझ्या छतावर, वाळत घातलेल्या सांडग्यांसकट.

आणि पोलीस ठाणं. तिथे पहिले बसवून ठेवलं, मग हवालदार म्हणाले, "बाई, माल दिला ना त्यानं? मग फसवणूक कुठे? हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." बनावट स्टिकर लावणं सिव्हिल कसं? कोणीतरी सांगितलं म्हणून भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम लिहून नेलं, तर "तुम्ही वकील आहात का?" सायबरवाल्यांनी सांगितलं, तुम्ही स्वतःच्या हातानं पैसे दिले, तो सायबरचा विषय नाही. म्हणजे रोख दिले तर पुरावा नाही, यूपीआयनं दिले तर मर्जीनं दिले. लेखी तक्रार घेऊन पोच मिळवायला मला शेवटी वरिष्ठ कार्यालयात रजिस्टर पोस्टानं पाठवावी लागली. तुम्ही पहिल्याच दिवशी तसं करा, खिडकीत उभं राहून भांडू नका. पोचपावती जपून ठेवा, पुढे तीच कामी येते.

मला नातेवाईक शहाणपण शिकवतात, "ताई, तू तर एवढा हिशेब ठेवतेस." ठेवते. म्हणूनच प्रत्येक रुपयाची चिठ्ठी आहे माझ्याकडे, त्या १२,००० आणि ८,००० चीसुद्धा, त्याच्या अक्षरात. ज्याला योजना चालवायची, ज्याला कर्ज द्यायचं, ज्याला मीटर लावायचं, त्या तिघांपैकी एकानंही छतावर पाय ठेवला नाही, आणि तपासणी करायची राहिली ती डबे करणाऱ्या बाईकडून?

आता पॅनेल बदलायचे म्हटले तर दुसऱ्यानं ९२,००० सांगितले आहेत. ते करावं की नाही, घरात रोज वाद आहे. सोलर नको असं मी म्हणणार नाही. शेजारच्या घरी तीन किलोवॉट उन्हाळ्यात महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट देतं आणि त्यांचं बिल बघून माझा जीव जळतो. तुम्ही बसवणार असाल तर कंपनी पोर्टलच्या यादीतून निवडून तिच्या ऑफिसच्या लँडलाइनवर फोन करा आणि विचारा, हा माणूस तुमचा का. पाच वर्षांची देखभाल करारात लिहून घ्या, ती त्यांच्यावर बंधनकारक आहे. सबसिडी थेट तुमच्या खात्यात येते, "किमतीतून वजा करून देतो" म्हणणाऱ्याला वाटेला लावा. आणि बँकेच्या त्या समाधानाच्या कागदावर नेट मीटर फिरताना डोळ्यांनी बघितल्यावरच सही करायची, मग पोरगा कितीही काकू काकू करो.

परवा भाचीनं त्या पोराचं व्हॉट्सॲप स्टेटस दाखवलं, दुसऱ्या नंबरवरून. "नागपुरात फक्त १० जागा शिल्लक." खाली फोटो माझ्या छताचा. स्क्रीनशॉट पोलिसांना पाठवला आहे, उत्तर नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, ई-जागृती या त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवरून. कंपनी आणि बँक दोघांना पार्टी केलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. ग्राहक संरक्षण कायद्याच्या ३५ व्या कलमात सोय आहे की एकाच प्रकारे फसलेले अनेक जण आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करू शकतात. बेसा, मानेवाडा, हुडकेश्वर या बाजूला मार्चमध्ये ज्यांच्याकडे पॅनेल चढले आणि मीटर अजून आलं नाही, त्यांनी आज छतावर जाऊन पॅनेलच्या मागचं स्टिकर बघावं, कोपरा उचलावा, फोटो काढावा आणि मला कळवावं. माझे कागद लावून तयार आहेत.