फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर: मोहिमेतील जागा पाहून करावयाची निवड

एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) किंवा एएफकॅट (हवाई दलाची प्रवेश परीक्षा) यांची तयारी करणाऱ्या नाशिकच्या मुलामुलींची हवाई दलाविषयीची कल्पना बहुधा लढाऊ विमानापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. मिग-२१, मिग-२७, सुखोई-३० एमकेआय आणि आता १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथून पहिले उड्डाण केलेले तेजस मार्क-१ए अशी विमाने ज्या ओझरच्या कारखान्यातून बाहेर पडली, त्याच्या परिसरात वाढलेल्यांना दुसरे काही सुचणेही कठीण आहे. तथापि, वैमानिक म्हणून फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर या तीन प्रवाहांपैकी एकाला पसंती देताना विमानाच्या रूपापेक्षा मोहिमेतील त्याची जागा पाहावी, असे माझे मत आहे. कारण मोठी हवाई मोहीम एका जातीच्या विमानावर क्वचितच पार पडते. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानातील बालाकोटवर मारा केला तो मिराज-२००० विमानांनी, परंतु त्यांच्यासाठी हवेत इंधन देणारे आयएल-७८ आणि आकाशावर नजर ठेवणारे नेत्र हीदेखील त्याच रात्री उडत होती.

फायटर प्रवाहात गेलेला वैमानिक एकत्र मोहिमेवर जाणाऱ्या अशा विमानांच्या ताफ्याच्या टोकाला असतो. ताफ्यातील काही लढाऊ विमाने बॉम्ब वाहतात, काही शत्रूची विमाने अडवण्यासाठी सोबत जातात आणि काही शत्रूची रडारे व क्षेपणास्त्रे निकामी करतात किंवा त्यांना आंधळे करतात. मिराज किंवा तेजस यांसारख्या एका आसनाच्या विमानात उडवणे, पाहणे आणि निर्णय घेणे हे सारे एकट्याने करावे लागते, तर सुखोईत मागच्या आसनावरील अधिकारी शस्त्रप्रणालीचा भार उचलतो. मात्र हा प्रवाह जितका झळकतो तितकाच तो परावलंबी आहे. आखाती युद्धात १९ जानेवारी १९९१ रोजी अमेरिकेने बगदादवर भर दिवसा एफ-१६ विमानांचा प्रचंड ताफा पाठवला, तेव्हा रडारवर मारा करणाऱ्या एफ-४जी विमानांना शेवटचे हल्लेखोर लक्ष्यावर असतानाच परतावे लागले. त्या मोहिमेत दोन एफ-१६ पडली. वैमानिकांच्या कौशल्यात काही उणे नव्हते, पण ताफ्याचा एक घटक निघून गेला की उरलेल्यांचे कवच जाते.

ट्रान्सपोर्ट हा शब्द ऐकून अनेकांच्या डोळ्यांसमोर केवळ मालवाहतूक येते, आणि येथेच निवड चुकण्याची शक्यता सर्वाधिक असते. टँकर (हवेत इंधन देणारी) आणि अवॅक्स (हवेतून रडारने टेहळणी करणारी) ही मोठी विमाने याच प्रवाहातील वैमानिक उडवतात. आयएल-७८ मधून तीन नळ्या मागे सोडल्या जातात, प्रत्येकीच्या टोकाला शंकूच्या आकाराची टोपली असते, आणि लढाऊ विमानाच्या वैमानिकाला आपल्या विमानाची इंधननळी त्या हेलकावणाऱ्या टोपलीत अचूक बसवावी लागते. या सर्व काळात टँकरच्या वैमानिकाने वेग, उंची आणि दिशा ढळू द्यायची नसते. ठरल्या वेळी ठरल्या जागी तो पोहोचला नाही, तर दूरचा हल्ला रद्द करावा लागतो. ज्याला अनेक जणांच्या चमूबरोबर तासन्‌तास एकाग्रतेने काम करणे जमते, त्याला फायटरपेक्षा हे काम अधिक मानवेल. शिवाय काही वेळा ताफ्यातील नातेच उलटे होते: १९७१ च्या युद्धात ११ डिसेंबर रोजी आजच्या बांगलादेशातील टांगाईल येथे दुसऱ्या पॅरा बटालियनचे सैनिक छत्रीने उतरवताना एएन-१२, पॅकेट, कॅरिबू आणि डाकोटा ही मालवाहू विमानेच मुख्य होती आणि लढाऊ विमाने त्यांच्या राखणीला होती. निवृत्तीनंतर नागरी विमानसेवेत जायचे असल्यास अनेक इंजिनांच्या विमानांवरील अनुभव थेट उपयोगी पडतो, हाही व्यावहारिक मुद्दा आहे.

हेलिकॉप्टर प्रवाहाची जागा ताफ्याच्या कडेला असली तरी काही वेळा दार तोच उघडतो. १७ जानेवारी १९९१ च्या पहाटे इराकच्या सीमेवरील रडारे अमेरिकी लष्कराच्या अपाचे हेलिकॉप्टरांनी उद्ध्वस्त केली, आणि वाळवंटातील अंधारात त्यांना वाट दाखवली ती हवाई दलाच्या पेव्ह लो हेलिकॉप्टरांनी; त्या खिंडारातून पुढे लढाऊ विमाने आत शिरली. याची दुसरी बाजूही लपवू नये. हेलिकॉप्टर सावकाश आणि खाली उडते, म्हणून कारगिल युद्धात २८ मे १९९९ रोजी तोलोलिंग शिखराजवळ एमआय-१७ खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राला बळी पडले, आणि २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे आपल्याच क्षेपणास्त्राने आपले एमआय-१७ पाडले. आकाशात अनेक जातींची विमाने एकत्र असताना ओळख पटवण्यात झालेली चूक किती महाग पडते, हे त्यातून दिसले. शांततेच्या काळात मात्र पूर, हिमनदीवरील उड्डाणे आणि बचावकार्य यांमुळे या वैमानिकांना उसंत नसते. नाशिककरांनी एक खुलासा ध्यानात ठेवावा: नाशिकच्या गांधीनगरला प्रशिक्षणासाठी उडणारी हेलिकॉप्टरे भूदलाच्या हवाई शाखेची आहेत, त्यामुळे तीच उडवायची असतील तर वाट हवाई दलाकडून नव्हे, भूदलाकडून जाते.

वैद्यकीय तपासणीत उड्डाणासाठी अपात्र ठरलेल्यांनीही मोहिमेपासून दूर झालो असे समजू नये. २७ फेब्रुवारी २०१९ च्या पाकिस्तानी विमानांशी झालेल्या हवाई चकमकीत रडारच्या पडद्यावरून वैमानिकांना दिशा देणाऱ्या स्क्वाड्रन लीडर मिंटी अगरवाल यांना युद्ध सेवा पदक मिळाले. त्या वैमानिक नसून फायटर कंट्रोलर होत्या.

माझा कल विचाराल तर चटकन एकट्याने निर्णय घेण्याची वृत्ती असलेल्याने फायटर, साऱ्या मोहिमेचे चित्र समोर हवे असणाऱ्याने ट्रान्सपोर्ट आणि युद्धाबाहेरही रोज उपयोगी पडावेसे वाटणाऱ्याने हेलिकॉप्टर पहिल्या क्रमांकावर लिहावे. अंतिम वाटप मात्र दुंडिगलच्या हवाई दल अकादमीतील प्रशिक्षणातील कामगिरी, पसंती आणि रिक्त जागा पाहून होते. उड्डाण शाखेसाठी केवळ एकूण उंची नव्हे, तर बसल्यावरची उंची, पायांची लांबी आणि मांडीची लांबीही मोजली जाते. ही मापे अर्ज भरण्यापूर्वीच एखाद्या जाणकार डॉक्टरांकडून घेऊन ठेवावीत.