केंद्र की राज्य? तक्रार, अर्ज, माहिती अधिकार नेमका कुणाकडे टाकायचा

पत्ता चुकल्यामुळे बरेच अर्ज वाया जातात. मुद्दा बरोबर, कागद बरोबर, पण ज्या सरकारकडे पाठवलाय त्याच्या हातात ते कामच नाही, मग कधीतरी 'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं आणि माणूस वैतागून सोडून देतो. मला याचा खरंच राग येतो, कारण शाळेत नागरिकशास्त्रात केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची आपण सगळ्यांनी पाठ केली, पण वेळ आली की ती कशी वापरायची ते कुणीच सांगितलं नाही. म्हणून इथे दोन्ही सरकारं शेजारी शेजारी ठेवून बघू, महाराष्ट्रातल्या माणसाच्या नजरेतून.

आधी सोपं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वाटणी आहे. संरक्षण, परराष्ट्र, रेल्वे, पोस्ट, टेलिफोन, बँका, चलन, इन्कम टॅक्स, आयात-निर्यात हे केंद्राचं. पोलीस, जमीन, शेती, सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा, दारूबंदी, महापालिका आणि ग्रामपंचायती हे राज्याचं. शिक्षण, वीज, जंगल, कामगार, लग्न-घटस्फोट यावर दोघंही कायदे करू शकतात आणि दोघांचे कायदे एकमेकांना आडवे गेले तर साधारणपणे केंद्राचा चालतो. कुठल्याच यादीत नसलेला विषय केंद्राकडे जातो. म्हणजे पासपोर्ट, पॅन, पीएफ अडकला तर केंद्र, सातबारा, फेरफार, रेशनकार्ड, जातीचा दाखला अडकला तर राज्य. इथपर्यंत कुणी गोंधळत नाही.

गोंधळ सुरू होतो तो पुढे, कारण रोजच्या जगण्यातल्या बहुतेक गोष्टींना दोन्ही सरकारांचा हात लागलेला असतो. अशा वेळी 'हा विषय कुणाचा' असं विचारत बसण्यापेक्षा 'मला ज्याचा त्रास झाला तो निर्णय कुणाच्या सहीने झाला' हे शोधा, उत्तर पटकन सापडतं.

कांद्याचंच घ्या, नाशिककडच्या शेतकऱ्याला हे फार जवळचं आहे. शेती राज्याचा विषय, बाजार समित्या राज्याच्या कायद्याखाली, त्यामुळे लासलगावला किंवा पिंपळगावला वजनात मारलं, हमाली-तोलाईची जादा कपात केली, व्यापाऱ्याने पैसे थकवले, तर आधी बाजार समिती आणि तिथे दाद नाही लागली तर सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक, हे सगळं राज्याचं. पण भाव कोसळला तो निर्यातबंदीमुळे असेल तर तिथे राज्याचा कृषीमंत्री काहीही करू शकत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबर २०२३ मध्ये सरळ निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, मग ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून निघालं, यातली प्रत्येक सही दिल्लीतली. नाफेड या राष्ट्रीय सहकारी संस्थेची खरेदीसुद्धा केंद्राच्या साठ्यासाठी असते. त्यामुळे कांद्याच्या भावावर कलेक्टर कचेरीत निवेदन दिलं तर ते वर पाठवलं जातं, एवढंच होतं. निवेदन जरूर द्या, पण त्याच दिवशी केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाला आणि ग्राहक व्यवहार खात्याला पण पाठवा.

पीकविमा त्याच्या उलट दिसतो. नावात 'प्रधानमंत्री' आहे म्हणून लोक दिल्लीला लिहितात, पण कोणत्या जिल्ह्यात कुठली कंपनी येणार त्याचं टेंडर राज्य काढतं, कोणती पिकं कुठल्या महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) धरायची ते राज्य ठरवतं, पीक कापणी प्रयोगही राज्याची यंत्रणा करते. योजनेचा साचा केंद्राचा. तुमच्या मंडळाचं उत्पन्न चुकीचं धरलं असेल तर तालुका कृषी अधिकारी आणि जिल्हा तक्रार निवारण समिती. अतिवृष्टीच्या मदतीचंही असंच, पंचनामा तलाठी करतो म्हणजे राज्य, पण हेक्टरी किती द्यायचे याचे मूळ निकष केंद्राचे, आणि राज्य आपत्ती निधीत ७५ टक्के पैसा केंद्राचा व २५ टक्के राज्याचा असतो. पंचनाम्यात नाव नाही ही तक्रार तहसीलदाराकडे, रक्कम तुटपुंजी आहे ही तक्रार दोघांकडे, कारण राज्याला वाटलं तर ते स्वतःच्या तिजोरीतून वाढवून देऊ शकतं.

रस्ते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी हे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे, दिल्लीचा संबंध नाही. मुंबई-गोवा महामार्ग राष्ट्रीय आहे, क्रमांक ६६, पण कोकणातला बराचसा भाग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग बघतो, फक्त पनवेलकडचा टप्पा केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाकडे. इतकी वर्षं तो रस्ता रखडला त्याचं एक कारण लोकांना कुणाला धरायचं हेच नीट कळत नव्हतं असं माझं मत आहे. तक्रारीत गाव आणि किलोमीटर लिहा, नाहीतर दोन्ही ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवणार.

लोकल ट्रेनमध्ये मोबाईल चोरीला गेला तर? रेल्वे केंद्राची, पण गुन्हा नोंदवायचा लोहमार्ग पोलिसांकडे आणि ते राज्याचे पोलीस. आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं, त्यांचं काम मुख्यतः रेल्वेच्या मालमत्तेचं आणि प्रवाशांच्या संरक्षणाचं. पंखा बंद, डबा घाण, गाडी लेट हे मात्र सरळ रेल्वेकडे.

मुलांच्या ॲडमिशनचं पण सांगते, कारण पालक यात हमखास अडकतात. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपर्यंत राज्यसूचीत होतं, नंतर समवर्तीत गेलं. आज मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा केंद्राची एनटीए ही परीक्षा संस्था घेते, पण सरकारी मेडिकल कॉलेजच्या ८५ टक्के राज्य कोट्याची प्रवेश प्रक्रिया राज्याचा सीईटी सेल करतो, फक्त १५ टक्के ऑल इंडिया कोटा केंद्राकडे. स्कोअरकार्डात घोळ असेल तर एनटीए, राऊंडमध्ये किंवा दाखल्यात घोळ असेल तर सीईटी सेल. दोन्हीच्या तारखा जवळजवळ असतात, चुकीच्या ठिकाणी मेल करून उत्तराची वाट बघत बसलात तर राऊंड निघून जाईल.

आता पैसा. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, म्हणून केंद्राची एक्साइज वेगळी आणि राज्याचा व्हॅट वेगळा, भाव कमी करायची चावी दोघांकडे आहे. जीएसटीचा दर जीएसटी कौन्सिल ठरवतं, तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे केंद्राला नको असेल तर काही पास होत नाही. शिवाय १५ व्या वित्त आयोगाने राज्यांना वाटायच्या करांतले ४१ टक्के दिले खरे, पण सेस आणि सरचार्जचा, म्हणजे करावर लावलेल्या जादा आकारणीचा पैसा त्या वाटणीतच येत नाही. कामं राज्याच्या गळ्यात आणि मोठे कर केंद्राच्या हातात ही रचना मला पटत नाही, पण म्हणून 'केंद्राकडून निधी आला नाही' हे राज्याचं उत्तर दरवेळी खरं धरू नका, माहिती अधिकारात निधी किती आला आणि किती खर्च झाला ते मागा.

आणि माहिती अधिकार टाकतानाही दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत, हे आधी बघून घ्या.

केंद्राकडे: फी १० रुपये, अर्ज साधारण ५०० शब्दांपर्यंत, पहिल्या अपिलाला फी नाही, दुसरं अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगात. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर राज्याचा विषय टाकला तर अर्ज परत येतो आणि फी पण जाते.

महाराष्ट्राकडे: फी १० रुपयेच, पण एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, पहिल्या अपिलाला २० रुपये, दुसरं अपील राज्य माहिती आयोगात, ज्याची खंडपीठं पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशी जवळ आहेत.

उत्तराची मुदत दोन्हीकडे ३० दिवस, आणि चुकीच्या ऑफिसला गेलेला अर्ज ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असं कलम ६(३) सांगतं, पण एका सरकारकडून दुसऱ्याकडे अर्ज जाईल या भरवशावर राहू नका. खात्री नसेल तर दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज टाका, २० रुपयांत काम होतं. राज्याकडे आणखी एक हत्यार आहे, २०१५ चा सेवा हक्क कायदा, त्यात दाखले वगैरे ठरलेल्या दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर अपील करता येतं आणि अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. केंद्रात असा सरसकट कायदा नाही. त्यामुळे निव्वळ दाखला अडकला असेल तर माहिती अधिकारापेक्षा सेवा हक्काचं अपील आधी करा.

राहिलं खासदार की आमदार. लोकसभेत मुळात राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या विषयावरचा प्रश्न स्वीकारलाच जात नाही, त्यामुळे गावच्या पाणीयोजनेसाठी किंवा पोलीस स्टेशनच्या कारभारासाठी खासदाराला 'संसदेत आवाज उठवा' म्हणणं फुकट जातं, तिथे आमदाराला गाठा आणि अधिवेशनाच्या बऱ्याच आधी तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) किंवा लक्षवेधी सूचनेसाठी मुद्दा लेखी द्या. उलट बेळगावचा प्रश्न बघा. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार घटनेच्या कलम ३ प्रमाणे फक्त संसदेचा, विधानसभेचं नुसतं मत विचारलं जातं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कितीही ठराव केले तरी रेषा हलत नाही, म्हणूनच राज्याला २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दावा टाकावा लागला. सीमाभागासाठी मनापासून काही करायचं असेल तर आपल्या ४८ खासदारांना जाब विचारा, आमदारांकडून ठरावाच्या पुढे काही मिळणार नाही.