व्हेरिकोज व्हेन्सचं लेझर: इलाज चांगलाच, पण आधी डॉपलर कोण आणि कसं करतं ते बघा

कराडमध्ये माझं सलून आहे. दुकान उघडल्यापासून शटर ओढेपर्यंत खुर्चीभोवती उभं राहायचं, हेच काम. वडिलांचाही हाच धंदा, आणि त्यांच्याही पायाच्या शिरा फुगलेल्या होत्या, म्हणजेच व्हेरिकोज व्हेन्स. त्यामुळे माझ्या डाव्या मांडीच्या आतून पोटरीपर्यंत दोरखंडासारखी शीर वर आली तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. संध्याकाळी पाय भरून यायचा, रात्री पोटरीत गोळे यायचे. पुढे घोट्याच्या वर आतल्या बाजूची कातडी काळपट पडली आणि खाज सुरू झाली. डॉक्टर शिरांच्या आजाराच्या शून्य ते सहा अशा पायऱ्या धरतात. काळपटपणा ही चौथी पायरी, आणि पाचवी-सहावी म्हणजे जखम. वडिलांच्या घोट्याची जखम वर्षानुवर्षं चिघळलेली मी पाहिली आहे, रोज पट्टी बदलली आहे. तेवढ्यासाठी तरी मला हा इलाज करायचाच होता.

कोल्हापुरात फक्त रक्तवाहिन्यांचंच काम करणाऱ्या एका सर्जनकडे लेझर करून घेतलं, म्हणजे बिघडलेली शीर आतून उष्णतेने बंद करून घेतली. हा रिव्ह्यू इलाजाचा आहे, म्हणून नाव टाकत नाही.

आधी डॉपलरबद्दल, म्हणजे शिरेत रक्त कुठल्या दिशेने वाहतं ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीबद्दल लिहितो, कारण खरा फरक तिथेच पडतो. पहिलं डॉपलर मी दुसऱ्या एका सेंटरला केलं होतं. आडवं झोपवलं, मशीन फिरवलं, रक्ताची गुठळी नाही असं लिहून दिलं आणि बाहेर. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि मला लाकडी स्टुलावर उभं केलं. वजन उजव्या पायावर, डावा पाय सैल. जांघेत मशीन धरून दुसऱ्या हाताने पोटरी दाबली: स्क्रीनवर रक्त वर जाताना एक रंग. हात सोडला, आणि लगेच दुसरा रंग. तेच रक्त खाली उलटं येत होतं. शिरेतल्या झडपा निरोगी असतील तर उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाच्या आत थांबतो. माझा थांबतच नव्हता, आणि ते मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं. झोपलेल्या माणसात हे नीट पकडता येत नाही. कुठून गळती सुरू होते, शीर किती जाड आहे, आतल्या मोठ्या शिरा मोकळ्या आहेत का, हे सगळं त्यांनी स्वतः बघून पायावर मार्करने खुणा केल्या. हे न करता फोनवर लेझरचं पॅकेज सांगणाऱ्या जागी जाऊ नका, एवढं मी गिऱ्हाइकांना खुर्चीत बसल्या बसल्या सांगतो.

प्रत्यक्ष इलाजात पूर्ण भूल नव्हती. गुडघ्याच्या खाली सुईच्या भोकातून लेझर नेणारी बारीक तार, म्हणजे फायबर, शिरेत घातली आणि सोनोग्राफीवर बघत जांघेपर्यंत वर नेली. मग मांडीभर सुया. भूल मिसळलेलं गार सलाईन शिरेच्या भोवतीने भरतात. त्याने दुखणं थांबतं, शीर फायबरवर आवळली जाते आणि आजूबाजूच्या कातडीला, मज्जातंतूला उष्णतेचा चटका बसत नाही. खरं सांगायचं तर त्रास फक्त या सुयांचा. पाय गारठून थरथरत होता. पुढे सगळ्यांनी चष्मे लावले, मलाही दिला, दिवे मंद केले. फायबरच्या टोकाचा लाल ठिपका कातडीतून दिसत होता आणि मांडीवरून हळूहळू खाली सरकत होता. त्या वेळी काहीच दुखलं नाही. पोटरीवरच्या वाकड्यातिकड्या गाठी बारीक छिद्रं पाडून हुकाने ओढून काढल्या. टाका एकही नाही, नुसत्या चिकटपट्ट्या.

नंतर थोड्याच वेळात चालायला लावलं. चालणं हाच पुढचा इलाज, कारण पोटरी हलली की आतल्या शिरांतलं रक्त वर ढकललं जातं आणि गुठळीचा धोका कमी होतो. गाडीने परत येताना पेठ नाक्याला उतरून फेऱ्या मारल्या, तसं बजावूनच पाठवलं होतं. मांडीत आठवड्यानंतर आतून दोरी ओढल्यासारखा ताण आला, निळे डाग पडले. हे होणार हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे घाबरलो नाही. फॉलोअपला पुन्हा डॉपलर करून गुठळी नाही ना आणि शीर बंद झाली ना, दोन्ही बघितलं. नडगीच्या आतल्या बाजूला थोडी बधिरता अजून आहे. तिथे शिरेला लागूनच मज्जातंतू जातो. वस्तरा धरण्यात, उभं राहण्यात तिची काही अडचण नाही.

मांडीपर्यंतचे दाबाचे मोजे मात्र उन्हाळ्यात जीव काढतात. सकाळी बिछान्यातून पाय खाली टाकायच्या आधीच घालायचे. रबरी हातमोजे घालून ओढले की बरे चढतात. पायाच्या धमन्यांत अडथळा असेल, विशेषतः जुनी शुगर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे घट्ट मोजे घालू नका.

दुकानात सगळे एकच विचारतात: शीर जाळली तर रक्त जाणार कुठून? पायातलं बहुतेक रक्त आतल्या खोल शिरांमधूनच वर जातं. बंद केलेली वरची शीर उलटी वाहून त्यांच्यावर भारच टाकत होती. हृदयाच्या बायपास ऑपरेशनला पायाची शीर काढून वापरतात, तेव्हा ती लागली तर काय, असंही विचारतात. अशी फुगलेली, वेडीवाकडी शीर बायपासला सहसा घेतच नाहीत.

पैशाच्या बाबतीत माझी तक्रार आहे. सांगताना पॅकेज म्हणाले, बिलात फायबर आणि मोजे वेगळे लावले. आकडा लेखी मागा आणि त्यात फायबर, मोजे, नंतरचं डॉपलर धरलंय का ते विचारा. विम्यात हे डे-केअर, म्हणजे रात्री न राहता होणारा इलाज, म्हणून बसतं, पण बऱ्याच पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्सला दोन वर्षांची थांबण्याची अट असते. पॉलिसी नवी असेल तर आधी तेवढं वाचा.

आता पाय संध्याकाळी हलका असतो. गोळे बंद झाले, खाज गेली. काळा डाग थोडा फिका झाला, पूर्ण जाईल असं डॉक्टरांनी कधी म्हटलंच नव्हतं. उभ्याचा धंदा चालूच आहे, त्यामुळे दुसऱ्या शिरा पुढे फुगू शकतात, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी उजव्या पायाचंही करून टाका म्हणालो होतो. त्यांनी पुन्हा स्टुलावर उभं केलं, बघितलं आणि म्हणाले, "इथे झडपा अजून काम करतायत. मोजे घाला, चालत राहा, वर्षाने दाखवा. लेझर करायचं काही कारण नाही." बिलाची तक्रार असूनही पाय दुखणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी त्यांच्याकडेच पाठवतो, ते या उत्तरामुळे.