शिकार की कुलपाचा डबा? न्यू जर्सीतली काळी अस्वलं आणि आपण

न्यू जर्सीच्या वायव्येला, ससेक्स, वॉरन, मॉरिस किंवा पसेइक काउंटीत घर घेतलं की अस्वलांच्या शिकारीबद्दल आज ना उद्या कोणीतरी विचारतंच: तुम्ही कोणत्या बाजूचे? मी बरीच वर्षं या भागात राहतो. माझा कल शिकारीविरुद्ध आहे, पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं पोकळ आहे असं मी म्हणणार नाही.

इथली शिकार १९७१ पासून बंद होती, ती २००३ मध्ये पुन्हा झाली. २०१० ते २०२० दरवर्षी झाली, २०२१ मध्ये थांबली आणि तक्रारी वाढल्याचं कारण देऊन २०२२ च्या डिसेंबरात परत आली. अस्वलं आता राज्याच्या सगळ्या २१ काउंट्यांत दिसतात. २०१४ मध्ये वेस्ट मिलफर्डच्या जंगलात भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याचा अस्वलाच्या हल्ल्यात जीव गेला. ती बातमी आपल्या घराघरांत पोचली होती. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांची भीती मला समजते. मात्र त्या वर्षांत शिकार चालूच होती, हेही लक्षात घ्यायला हवं.

माझं मत ठरलं ते वेळापत्रकामुळे. अस्वलांचा खरा त्रास सुरू होतो वसंतात, आणि जूनमध्ये तो वाढतो. आईने हाकललेली दीड वर्षाची पिल्लं, त्यातही नर, नवी जागा शोधत वस्तीत शिरतात. सकाळी दार उघडावं तर ड्राइव्हवेभर फाटलेल्या पिशव्या, आंब्याच्या कोयी, चघळून टाकलेला दुधाचा कॅन आणि झाकणावर दातांच्या खुणा. शिकारीचा हंगाम येतो ऑक्टोबरात आणि मग डिसेंबरात. मधले चार महिने काय करायचं? अस्वलाला उघडता येणार नाही असा कचऱ्याचा कुलपाचा डबा घ्यायचाच, कचरा आत ठेवायचाच. म्हणजे शिकारीच्या बाजूचा माणूसही तेच करतो जे मी करतो. आणि जंगलात मारलं गेलेलं अस्वल आपल्या गल्लीत येणारंच होतं, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. डबा उघडा राहिला तर रिकाम्या झालेल्या जागेत पुढच्या जूनमध्ये दुसरं येतं. ही गोष्ट मला इतकी खटकली की बाकीचे मुद्दे मागे पडले.

माझ्या अनुभवाला आधार देणारे अभ्यासही आहेत. कोलोरॅडोतल्या डुरँगो गावात काही वस्त्यांना अस्वलांना न उघडणारे डबे वाटले, तिथे कचऱ्यावरून होणारे प्रसंग इतर वस्त्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी राहिले. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात २०१४ मध्ये वसंतातली शिकार परत सुरू केली, पण तिथल्या अभ्यासात त्यामुळे तक्रारी कमी झाल्याचं दिसलं नाही. न्यू जर्सीत तसंच होईल असा माझा दावा नाही. पण रानात फळं-अकॉर्न (ओक झाडाची फळं) कमी पिकली की अस्वल गावाकडे वळतं, हे आमच्याकडेही दिसतं.

शिकार न करता अस्वलांसोबत राहण्याच्या बाजूलाही कटकटी आहेत. चांगला डबा साध्या डब्यापेक्षा बराच महाग पडतो, आणि त्याच्या खाचेत बोट घालून आतली कळ दाबायची म्हणजे हातमोजे काढावे लागतात. स्वयंपाकघराच्या सवयीही बदलाव्या लागतात. कोळंबीची सालं, माशांची खवलं, मटणाची हाडं आमच्याकडे पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये जातात आणि गाडी येते त्या दिवशी सकाळीच डब्यात पडतात, आदल्या रात्री नाही. ग्रिल घासून ठेवायची. पक्ष्यांचे दाणे एप्रिल ते नोव्हेंबर टांगायचे नाहीत. सूर्यफुलाच्या बियांत इतकी चरबी असते की अस्वल त्यासाठी डेकवर चढतं. मधमाश्या किंवा कोंबड्या असतील तर विजेचं कुंपण घातल्याशिवाय निभाव लागत नाही.

बुलढाणा-मेळघाटातल्या अस्वलावरून मात्र इथल्या अस्वलाचा अंदाज बांधू नका. ते अचानक समोर आलं तर अंगावर येतं. काळं अस्वल बहुधा झाडावर चढतं किंवा पळतं. भांडं वाजवा, मोठ्याने ओरडा, त्याला निघायला वाट ठेवा. आमच्या डेकखालून गेलेली अस्वलं एवढ्यानेच गेली.

मोठी फळबाग असेल, नुकसान वर्षानुवर्षं होत असेल, तर तुमचं मत वेगळं पडू शकतं. त्याबद्दल मी वाद घालणार नाही. पण साधं घर आणि छोटं अंगण असेल तर मी म्हणेन, मार्च संपायच्या आत डबा आणा आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनाही आणायला सांगा. एका घराचा कचरा उघडा असला तरी सगळी गल्ली अस्वलाच्या वाटेवर येते. टाऊनशिपच्या, म्हणजे गावच्या स्थानिक प्रशासनाच्या, सभेत शिकारीवर बोलायची वेळ आली, तर कचरा आदल्या रात्री बाहेर ठेवण्यावर बंदी घाला ही मागणी आधी मांडा. राज्यात अस्वलाला खाऊ घालणं बेकायदा आहे आणि त्याला १००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, हे तिथे फारसं कोणाला माहीत नसतं.