टीव्हीच्या आवाजासाठी ऑप्टिकल कन्व्हर्टरची डबी: साउंडबार घेण्याआधी हे करून बघा

नव्या सपाट टीव्हीचं चित्र लख्ख असतं, पण संवाद कळत नाहीत. मग आवाज वाढवायचा, आणि पार्श्वसंगीत आलं की घाईघाईने कमी करायचा. रिमोट हातातून सुटत नाही. बहुतेक घरांत यावर उपाय म्हणून पाच-सहा हजारांचा साउंडबार येतो. माळ्यावर किंवा शोकेसमध्ये जुना स्टिरिओ, ॲम्प्लिफायर किंवा नव्वदच्या दशकातली मिनी हाय-फाय सिस्टिम पडून असेल, तर त्याआधी साधारण ४०० ते ८०० रुपयांची एक डबी घेऊन बघावी. टीव्हीचा डिजिटल आवाज जुन्या ॲम्प्लिफायरला कळेल अशा साध्या सिग्नलमध्ये बदलणं, हे तिचं काम. हे परीक्षण त्या डबीचं आहे.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहू. टीव्हीची जाडी कमी झाली तशी स्पीकरची जागा गेली. बहुतेक टीव्हींत ८-१० वॉटचे दोन चपटे स्पीकर खालच्या कडेत बसवलेले असतात आणि त्यांची तोंडं जमिनीकडे असतात. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः स, श, च, त अशा व्यंजनांवरून. त्यांचा बराचसा भाग २ किलोहर्ट्झच्या वरच्या पट्टीत असतो, आणि ती पट्टी सरळ जाते, सहज वळत नाही. ती आधी टीव्ही युनिटच्या लाकडावर आपटते, मग टाइल्सवर, आणि उरलीसुरली आपल्या कानापर्यंत येते. त्यावर पाचवर फिरणारा पंखा. म्हणून आवाज मोठा असूनही शब्द पुसट राहतो. आवाज समोरून, कानाच्या उंचीवरून आला की निम्मं काम तिथेच होतं.

डबीला बाजारात ‘डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर’ किंवा नुसतं ‘ऑप्टिकल कन्व्हर्टर’ म्हणतात. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत याच नावाने मागावी. काडेपेटीहून जरा मोठी असते. एका बाजूला ऑप्टिकल (उजेडाने सिग्नल घेणारं) आणि कोॲक्शियल (तारेने घेणारं) अशी दोन इनपुट, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरे आरसीए (गोल जॅक) आणि काही डब्यांत ३.५ मिमीचं हेडफोन सॉकेट. चालते ५ व्होल्टवर. इनपुट निवडायचं बटण असेल तर ते ऑप्टिकलवर आहे ना, हे आधी बघा. बंद पडली म्हणून परत आणलेल्या कित्येक डब्या केवळ चुकीच्या बटणामुळे मुक्या असतात.

घ्यायला जाण्याआधी टीव्हीची पाठ नीट बघा. झडप असलेलं चौकोनी सॉकेट म्हणजे ऑप्टिकल. ते नसेल आणि नारिंगी आरसीए, म्हणजे कोॲक्शियल, असेल तर तेही चालतं. त्यासाठी जुन्या व्हिडिओ केबलची पिवळी तार पुरते, कारण तीही ७५ ओहमचीच असते. ही दोन्ही नसतील, पण एखाद्या एचडीएमआयवर ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज त्याच सॉकेटमधून बाहेर देणारी सोय) लिहिलेलं असेल, तर एआरसीवाली डबी घ्यावी लागते आणि ती महाग पडते. टीव्हीच्या मागचे लाल-पांढरे जॅक मात्र बहुधा ‘एव्ही इन’ असतात. त्यांत ॲम्प्लिफायर जोडून आवाजाची वाट बघण्यात अर्थ नाही.

आता जोडणी. ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या बारीक टोप्या असतात. त्या इतक्या फिट बसलेल्या असतात की केबलचाच भाग वाटतात. त्या काढल्याशिवाय पिन आत बसत नाही, आणि जोर केला तर सॉकेटची झडप मोडते. पिनचे दोन कोपरे छाटलेले असतात, ते जुळवून ‘टक्’ होईपर्यंत दाबा. टीव्ही चालू असताना केबलच्या दुसऱ्या टोकातून लाल उजेड दिसला पाहिजे. तो दिसला तर केबल ठीक आहे. केबल दीड-दोन मीटरची घ्या आणि कपाटामागे घडी पडू देऊ नका. आतली तार प्लॅस्टिकची असते, काटकोनात मोडली की उजेड अडतो.

डबीतून निघालेली लाल-पांढरी केबल ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’, ‘सीडी’ किंवा ‘टेप इन’ला लावा. ‘फोनो’ला कधीही लावू नका. ते इनपुट तबकडीच्या पिनमधून येणाऱ्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं. डबीचा सिग्नल त्याच्या शेकडो पट मोठा असतो. आवाज फाटतो, आणि चुकून व्हॉल्यूम वर असेल तर स्पीकरही जातो.

सगळं जोडलं आणि तरी आवाज नाही, किंवा नुसती खरखर? दहांतल्या नऊ वेळा टीव्ही डॉल्बी डिजिटल, म्हणजे सांकेतिक रूपात दाबलेला आवाज, पाठवत असतो. स्वस्त डबीला ते उलगडता येत नाही, तिला साधं दोन चॅनेलचं पीसीएम लागतं. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘डिजिटल साउंड आउट’ असा पर्याय असतो, तो ‘ऑटो’वरून ‘पीसीएम’वर आणा. सेट-टॉप बॉक्सचा आवाज तेवढा येत नसेल, तर हाच बदल बॉक्सच्या मेनूतही करा. ओटीटीवर ऑडिओ निवडता येत असेल तर ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडून बघा. पाच वाटांचा आवाज दोन स्पीकरांत कोंबताना संवाद दबतात, ते बऱ्याचदा वर येतात.

यानंतरची तक्रार असते बारीक गुणगुणीची किंवा चिरचिरीची. ऑप्टिकलमध्ये उजेडाने सिग्नल जातो, टीव्ही आणि ॲम्प्लिफायर यांच्यात तांब्याची तार राहत नाही, म्हणून ५० हर्ट्झचा ‘घूं’ मुळात यायलाच नको. पण डबीला टीव्हीच्याच यूएसबीमधून वीज दिली की त्या तारेतून दोघांचं अर्थिंग पुन्हा जोडलं जातं आणि तोडलेली वाट परत उघडते. मोबाइलचा जुना ५ व्होल्ट, १ ॲम्पिअरचा चार्जर वेगळा लावा. बहुतेक वेळा गुणगुण तिथेच थांबते. या डबीबद्दल वाईट अभिप्राय देणाऱ्या अनेकांचं खरं भांडण या वीजपुरवठ्याशी असतं.

डबीची खरी उणीव वेगळीच आहे. ऑप्टिकलमधून येणारी पातळी बहुतेक टीव्हींत ठरलेली असते, टीव्हीच्या रिमोटने ती हलत नाही. आवाज ॲम्प्लिफायरवरच कमी-जास्त करावा लागतो. घरात वयस्कर माणसं असतील तर हा त्रास किरकोळ समजू नका. रिमोटवाला ॲम्प्लिफायर असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर टीव्हीचं हेडफोन सॉकेट वापरा. तिथे रिमोट चालतो, मात्र आवाजाचा दर्जा थोडा उतरतो आणि गुणगुणीची शक्यता परत येते. ब्लूटूथ डबी घेऊ नका. अनेक स्वस्त जोड्यांत आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाइतका मागे पडतो, आणि ओठ आधी हलून शब्द नंतर येतो.

जुने स्पीकर लावण्याआधी जाळी काढून कोनाच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) कडेचा फोम बोटाने हलकेच दाबा. पंधरा-वीस वर्षांत तो कुजतो आणि भुगा होऊन गळतो. तसं असेल तर नवा फोम चिकटवून मिळतो, कोन फेकायची गरज नाही. रबराची किंवा कापडाची कड सहसा टिकते. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर बंद करून, प्लग काढून, नॉबच्या मागच्या पॉटमध्ये (आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या भागात) कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि वीसेक वेळा फिरवा.

वायर जोडताना लाल लालला, काळी काळीला. एका स्पीकरची उलटी झाली तर बास नाहीसा होतो आणि बोलणारा माणूस पडद्याच्या मधोमध उभा न राहता खोलीभर पसरल्यासारखा वाटतो. वायरीवर खूण नसेल तर ती ॲम्प्लिफायरपासून सोडवून १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला, तर सेलचं अधिक टोक ज्या तारेला आहे ती लाल. स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, पाच-सहा फुटांच्या अंतराने, छोटा ट्विटर (वरच्या पट्टीचा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेत. शोकेसच्या कप्प्यात आत ढकलले की आवाज घुमतो. ठेवायचेच असतील तर तोंड कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे आणा. समोरच्या उघड्या टाइल्सवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा एवढ्यानेही शब्द आणखी सुटे होतात.

घरात जुनं काहीच नसेल तर मात्र डबीच्या मागे लागू नका. पुण्याच्या जुन्या बाजारात ॲम्प्लिफायर मिळतात, पण ते पारखायला अनुभव लागतो. अशा वेळी ॲम्प्लिफायर आतच असलेली बुकशेल्फ जोडी घ्यावी. एडिफायरच्या आर१२८०डीबीत ऑप्टिकल इनपुट, रिमोट आणि ४२ वॉट आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) आहेत. दहा बाय पंधराच्या हॉलला पुरून उरतं. तिथेही टीव्ही पीसीएमवरच ठेवावा लागतो. साउंडबार घ्यायचाच असेल तर एआरसी असलेला घ्या, टीव्हीच्याच रिमोटने चालतो. खोक्यावर ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं असेल तर तो सोडून द्या आणि आरएमएस किती ते विचारा. दुकानदाराला गाणं नको, बातम्या लावायला सांगा.