फ्लोएबल ७, आठ महिन्यांनंतर: बिल पास करण्याच्या कामात बीपीएम सॉफ्टवेअर कसं चाललं

कारखाना मध्यम आकाराचा, सुटे भाग बनवणारा. काम एकच: पुरवठादाराचं बिल इनवर्ड झाल्यापासून पैसे सुटेपर्यंतची मंजुरी. फ्लोएबल हे बीपीएम, म्हणजे कामाचे टप्पे आकृतीत मांडून ते काम एकाकडून दुसऱ्याकडे नेणारं सॉफ्टवेअर. त्याची मोफत ओपन सोर्स आवृत्ती ७, पोस्टग्रेस डेटाबेस, ८ जीबी रॅमचा एक सर्व्हर आणि हिशेब टॅलीत. आठ महिन्यांनी मत असं: इंजिन, म्हणजे आकृती चालवणारा गाभा, भक्कम आहे, जरूर घ्यावं. पण जावा येणारा माणूस हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

कारण आवृत्ती ७ मध्ये मोफत तयार स्क्रीनच मिळत नाहीत. आवृत्ती ६ सोबत टास्क, मॉडेलर, अ‍ॅडमिन अशी अ‍ॅप यायची, ती ७ मध्ये काढून टाकली. मिळतं ते इंजिन आणि रेस्ट एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमने इंजिनशी बोलायची सोय). कामांची यादी, मंजूर-नामंजूरची बटणं, बिलाचा स्कॅन दाखवणारी खिडकी, सगळं आपण बांधायचं. जावा १७ आणि स्प्रिंग बूट ३ (जावाचा तयार सांगाडा) लागतं. प्रवाहाच्या आकृतीत जावास्क्रिप्टचे तुकडे टाकायची सवय असेल तर आणखी एक अडचण आहे: जावा १५ पासून नॅशॉर्न हे जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन जावासोबत येत नाही, ते वेगळं जोडावं लागतं.

मग हेच का? महिन्यातून दोनदा सही करणाऱ्या सुपरवायझरचंही दरमहा माणशी भाडं द्यायचं, हे क्लाउडवरच्या सेवांचं गणित कारखान्याला परवडत नाही. कॅमुंडा या दुसऱ्या बीपीएम सॉफ्टवेअरचा विचार होतोच. पण त्याच्या आवृत्ती ७ चा मोफत प्रकार ऑक्टोबर २०२५ मधल्या ७.२४ वर थांबला, आणि आवृत्ती ८ स्वतःच्या सर्व्हरवर प्रत्यक्ष कामासाठी चालवायची तर ८.६ पासून परवाना लागतो. फ्लोएबलचं इंजिन अपाची २.० परवान्याखाली आहे. बीपीएमएन २.० हे आकृती काढायचं प्रमाण सगळ्यांचंच असल्यामुळे आकृती इकडून तिकडे नेता येते हे खरं. मात्र फॉर्म आणि सर्व्हिस टास्कची (माणसाऐवजी इंजिन स्वतः करतं त्या टप्प्याची) जोडणी प्रत्येकाची स्वतःची असते, ती नव्याने लिहावीच लागते.

आता खरा कस लागतो तो टायमरवर. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या पुरवठादाराला लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. एमएसएमईडी कायदा २००६ चं कलम १५ ते सांगतं. १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आल्यापासून मुदत चुकलेली रक्कम वर्षअखेर थकीत राहिली तर त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. हे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे नसतात, माल स्वीकारल्यापासून मोजायचे असतात. आकृती मात्र जवळपास प्रत्येक जण ‘बिल आलं’ इथून सुरू करतो आणि टायमरला ४५ दिवसांचा कालावधी देतो. माल १ तारखेला स्वीकारला आणि बिल १३ तारखेला इनवर्डला आलं, तर १२ दिवस आधीच गेलेले असतात आणि पडद्यावर पूर्ण ४५ दिसतात. उपाय: टायमरला कालावधी न देता तारीख द्यायची. प्रवाह जीआरएनपासून (माल आल्याच्या नोंदीपासून) सुरू करायचा, शेवटची तारीख तिथेच काढून व्हेरिएबलमध्ये ठेवायची, आणि स्मरणपत्राचे टायमर त्या तारखेतून उलटे मोजायचे.

मालाबद्दलची हरकतही पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी जावी लागते, नाहीतर पोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस धरला जातो. म्हणून क्यूसीच्या (माल तपासणीच्या) टास्कवर १० दिवसांचा वेगळा टायमर हवाच. नुसता शेरा मारून भागत नाही, पुरवठादाराला मेल गेली पाहिजे.

टायमरची दुसरी चूक फार लवकर होते. टास्कच्या कडेला लावलेला टायमर दोन प्रकारचा असतो: भरीव रेघेचा काम थांबवतो, तुटक रेघेचा काम चालू ठेवून बाजूला नवी वाट काढतो. स्मरणपत्रासाठी चुकून भरीव रेघेचा लावला, की दोन दिवसांनी मेल जाते आणि त्याच क्षणी ते बिल मॅनेजरच्या यादीतून गायब होतं. मेल वाचून तो यादी उघडतो, तर तिथे काहीच नाही. आकृतीत फरक फक्त त्या रेघेचा. शिवाय ‘दोन दिवस’ म्हणजे सरळ ४८ तास. रविवार आणि दिवाळीची सुट्टी इंजिनला आपोआप कळत नाही. सुट्ट्यांचं टेबल आपलं आपण ठेवून तारीख काढणारी पद्धत लिहावी लागते.

मालाच्या आकड्यांचा घोळ कसा बसवायचा, तेही सांगतो. पीओ (खरेदीची ऑर्डर) ५०० नगांची, जीआरएन ४८०, बिल ५०० चं. इथे वाट फुटते: जुळलं तर अकाउंट्सकडे, नाही जुळलं तर डेबिट नोटकडे. या फाट्यावर डीफॉल्ट वाट ठेवलीच पाहिजे. नाहीतर जीआरएनचा आकडा रिकामा राहिला किंवा एखादी अट सुटली, की कुठलीच वाट जुळत नाही, इंजिन अपवाद फेकतं आणि बिल आधीच्याच टप्प्यावर परत उभं राहतं. दुसरं, एकच वाट निवडणाऱ्या फाट्यानंतर समांतर जोड कधीही लावू नये. तो सगळ्या वाटांची वाट पाहत बसतो, त्यातली दुसरी कधीच येत नाही. लाल खूण नाही, चूक नाही, बिल नुसतं थांबलेलं.

टॅलीची जोडणी एक्सएमएलवर, नेहमीच्या ९००० पोर्टवरून होते. लेजरचं नाव अक्षर न अक्षर जुळावं लागतं. सर्वांत महागात पडणारी चूक पुन्हा प्रयत्न करण्यात आहे. असिंक (मागच्या बाजूला वेगळा चालणारा) टास्क फसला तर इंजिन एकूण तीनदा प्रयत्न करतं आणि मग तो डेड लेटरमध्ये, म्हणजे फसलेल्या कामांच्या यादीत, टाकतं. टॅलीत व्हाउचर पडलं पण उत्तर वेळेत आलं नाही, तर इंजिनच्या लेखी ते काम फसलेलं असतं. तेच व्हाउचर पुन्हा पडतं. म्हणून पाठवण्याआधी पुरवठादार आणि बिल नंबर यांवरून आधीची नोंद शोधायची. डेड लेटरची यादी रोज सकाळी बघायचं काम एका माणसाच्या नावावर असावं. कोणाच्याच नावावर नसेल तर ती यादी कोणीही बघत नाही.

माणसांच्या बाबतीत नियम सोपा: काम व्यक्तीला न देता गटाला द्यावं आणि ज्याने उचललं त्याच्या नावावर चढावं. रजेचे बहुतेक प्रश्न तिथेच मिटतात.

आकृती बदलून नवी चढवली की आधी सुरू झालेली बिलं जुन्या आवृत्तीवरच पुढे जातात. हे चांगलंच आहे, पण मंजुरीची मर्यादा ५०,००० वरून १ लाख केली तर पंधरा दिवस दोन नियम एकत्र चालतात, हे अकाउंट्सला आधी सांगून ठेवावं. असे आकडे आकृतीत न लिहिता वेगळ्या टेबलात ठेवले तर हा प्रश्नच येत नाही. व्हेरिएबलमध्ये अख्खा बिलाचा जावा ऑब्जेक्ट ठेवू नये. क्लास बदलला की जुनी बिलं वाचताच येत नाहीत. बिलाचा आयडी पुरे.

रिपोर्ट इतिहासाच्या टेबलांतून चांगले निघतात, पण जुना इतिहास साफ करायचं वेळापत्रक पहिल्याच महिन्यात ठरवून टाकावं.

कोणतंही सॉफ्टवेअर बघायला बोलावलंत तर विक्रेत्याची नमुना आकृती बाजूला ठेवायला लावा आणि हेच ५००-४८० चं बिल त्याच्यापुढे ठेवा. मध्येच सर्व्हर बंद करायला सांगा, मंजुरी देणाऱ्याला रजेवर पाठवा, आकृतीत एक टप्पा वाढवा. आणि मग विचारा: आता हे बिल नेमकं कोणाकडे आहे, आणि पैसे द्यायची शेवटची तारीख कोणती?